श्वास सोबत नेणारी खुर्ची

वाचकहो, घरातील परावलंबी माणसाची सोय आपण त्याला विचारून करतो का? या प्रश्नासरशी मला रॉबिन कॅव्हेंडिश या इंग्रज गृहस्थांचे स्मरण होते.

१९५८ साली केनियात, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला. मानेखालचे शरीर लुळे पडले. यंत्राविना श्वासही घेता येईना. डॉक्टरांनी काही महिन्यांचेच आयुष्य वर्तवले होते. मुलगा अगदी लहान. तरीही पतीची इच्छा जाणून पत्नी डायना यांनी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध त्यांना घरी आणले. पुढे ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ टेडी हॉल या मित्राच्या साहाय्याने, बॅटरीवरील श्वसनयंत्र बसवलेली चाकांची खुर्ची सिद्ध झाली. अंथरुणाला खिळलेला बाप कुटुंबासह प्रवासाला निघू लागला. अशा खुर्च्या इतर रुग्णांनाही मिळाव्यात म्हणून त्यांनी निधी उभारला. १९९४ मध्ये, ६४ व्या वर्षी ते निवर्तले.

यंत्राइतकेच महत्त्व रुग्णाची इच्छा ऐकणाऱ्या घराला आहे. म्हणून व्हीलचेअर घेताना रुग्णाला तीत बसवून पाहा; बैठकीची रुंदी, पायटेकू त्याला सोयीचे आहेत ना, हे त्यालाच विचारा. उठवता-बसवताना ब्रेक लावलेले असावेत. स्वतः हालचाल न करू शकणाऱ्याच्या शरीराचा भार दर १५ ते ३० मिनिटांनी हलका करा, अन्यथा दाबाने जखमा होतात. आणि रोज एकदा अवश्य विचारा, "आज कुठे जायचे?"