गुलामगिरीचा अंत आणि धर्माचे श्रेय

अटलांटिकपारच्या गुलामगिरीचा अंत कोणी केला, या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे मोठ्या आत्मविश्वासाने दिली जातात. एक पक्ष सारे श्रेय ख्रिस्ती धर्मबुद्धीच्या पदरात टाकतो. दुसरा म्हणतो की, धर्म हा गुलामगिरीचा वकीलच होता आणि तिचा अंत झाला तो केवळ साखरेच्या मळ्यांची बरकत ओसरल्यामुळे.

पहिल्या पक्षाचा विचार आधी करू. गुलामांचा व्यापार बंद करणारा १८०७ चा कायदा ब्रिटिश पार्लमेंटात संमत व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटलेल्या विल्बरफोर्स यांची धर्मनिष्ठा निःसंशय होती. परंतु ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन नावाच्या मळेवाल्याने बार्बाडोसमधील आपली मिळकत गुलामांसकट ज्या अँग्लिकन धर्मप्रसारक संस्थेला मृत्युपत्राने दिली, तिच्या मळ्यावर माणसांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ ही अक्षरे डागली गेली, त्याची वाट काय? १८३३ च्या कायद्याने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर झाली ती मालकांना. या संस्थेनेही आपला हिस्सा पदरात पाडून घेतला, आणि ज्यांच्या घामावर मळे पिकले त्यांना छदामही मिळाला नाही. अमेरिकेतील दक्षिणेच्या बाप्टिस्टांनी १८४५ साली वेगळी चूल मांडली, ती गुलामांच्या मालकाला मिशनरी नेमावे की नाही, या वादावरून.

मग दुसरा पक्ष खरा मानावा काय? इतिहासकार एरिक विल्यम्स यांच्या १९४४ सालच्या ग्रंथाने या मताला भरभक्कम आधार दिला, आणि मळ्यांच्या अर्थकारणाकडे डोळेझाक करणारा इतिहास यापुढे कोणी लिहू नये, हे मान्यच आहे. तथापि जो धंदा आपोआप बुडणार होता तो बंद पाडण्यास कायदा कशाला हवा होता, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी त्या कायद्याला कसून विरोध का केला, याचा उलगडा या मताने होत नाही. लंडनमध्ये १७८७ साली या व्यापाराविरुद्ध जी बारा जणांची समिती स्थापन झाली, तीत नऊजण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, हा योगायोग खासच नव्हे.

आता आमचा पक्ष. धर्मग्रंथ दोन्ही बाजूंनी साक्षीला उभा राहिला. निकाल ठरला तो कोणी स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडले यावर. क्वेकरांपैकीही कित्येकजण गुलाम बाळगीत, आणि १७३८ साली भर धर्मसभेत पोकळ पुस्तकात दडविलेली तांबड्या रसाची पिशवी भोसकून मालकांवर ‘रक्त’ शिंपडणाऱ्या बेंजामिन ले यांना त्यांनी समाजाबाहेर काढले होते. पण १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली, आणि त्यानंतरच त्यांच्या शब्दाला वजन आले. शिवाय गुलामांनीही तोच ग्रंथ वाचला. जमैकातील १८३१ च्या नाताळात पेटलेल्या उठावाचा नेता सॅम्युएल शार्प हा बाप्टिस्ट डीकन होता. त्याला १८३२ साली फाशी दिले, आणि पुढच्याच वर्षी मुक्तीचा कायदा झाला. या वाचनाची धास्ती किती होती पाहा: १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी निराळे बायबल छापले गेले, आणि त्यातून इस्राएली लोक मिसरच्या दास्यातून सुटल्याची कथाच गाळण्यात आली!

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील लोकांना अर्पण केली तेव्हा त्यांनी गौरव केला तो कोणा शास्त्राचा नव्हे, गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग करणाऱ्या माणसांचा. तोच न्याय योग्य होय. आपला धर्म समतेचा आहे असा दावा ज्याला करावयाचा असेल, त्याने वचने मागाहून दाखवावीत. त्या समतेपायी आपण कोणता हक्क, कोणते उत्पन्न सोडले, याचा हिशेब आधी हजर करावा.