रंगाआधी चिमटा

आमच्या हॉबी क्लबच्या शेडमध्ये गेल्या टर्मपासून एक जुनी बुलेट उभी आहे. वार्षिक समारंभात ती मैदानावरून चालवत न्यायची, असं ठरलं आहे. क्लबच्या बैठकीत टाकीचा रंग, सोनेरी रेघा आणि क्रोम यांवर तासभर चर्चा झाली. चिमट्याचं नाव कोणीच काढलं नाही, म्हणून हा लेख.

चिमटा म्हणजे स्विंगआर्म. मागचं चाक याच्या दोन दांड्यांमध्ये बसतं आणि खड्ड्यातून जाताना त्यांच्याबरोबर वरखाली होतं. पुढच्या टोकाला चिमटा एका आडव्या स्पिंडलवर फ्रेमला जोडलेला असतो आणि दोन्ही बाजूंना बुश असतात. हा त्याचा पिव्हट. १९४९ साली बुलेट चिमटा घेऊन आली, तेव्हा बऱ्याच मोटरसायकलींचं मागचं चाक फ्रेमलाच पक्कं जखडलेलं असे. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. तेव्हापासून लष्कराच्या गस्तीपासून दुधाच्या कॅनपर्यंत सगळं ओझं बुलेटच्या या सांध्याने पेललं आहे.

माझे आजोबा सिग्नल्समध्ये डिस्पॅच रायडर होते. निवृत्तीनंतर घेतलेली त्यांची बुलेट आमच्या साताऱ्याच्या घरी आहे. दोन वर्षांपूर्वी काकांनी ती एका गॅरेजमधून चकाचक करून आणली. उन्हाळी सुट्टीत मी त्यांच्या मागे बसून यवतेश्वर घाट उतरत होतो. वेग चाळीसचाही नव्हता. एका वळणावर गाडीचा मागचा भाग आपल्याच मनाने बाजूला सरकला. गाडी दोनदा हेलकावली. काकांनी ती कशीबशी सावरून थांबवली, तेव्हा दरीची कड पाच-सहा फुटांवर होती. बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.

घरी आल्यावर आजोबांनी गाडी मेन स्टँडवर घ्यायला लावली. चिमटा आणि फ्रेम यांच्या सांध्यावर मला बोट ठेवायला सांगितलं आणि काकांना चाक डावी-उजवीकडे हलवायला. बोटाखाली स्पष्ट ‘टक टक’ लागली. चिमटा स्थिर राहून फक्त चाक हलतं, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. इथे चिमटाच हलत होता. आजोबा एवढंच म्हणाले, “रंग बघून गाडी वळत नाही रे.”

गंजलेला स्पिंडल निघायला तीन दिवस लागले. रोज तेल सोडायचं, आटे बिघडू नयेत म्हणून नट टोकाशी ठेवायचा आणि पितळी दांडा मध्ये धरून हळू ठोकायचं. आतलं ग्रीस मातीसारखं सुकलं होतं. बुश लंबगोल झाले होते. स्पिंडलवर नख अडकेल इतकी खाच पडली होती.

ढील अर्ध्या मिलिमीटरचीच होती. पण समजा, दोन बुशमधलं अंतर २० सेंटिमीटर आहे आणि चाकाचा अ‍ॅक्सल ५० सेंटिमीटर मागे आहे. मग तीच ढील चाकापाशी अडीच पट होते. वळणावर चाक फ्रेमच्या रेषेत राहत नाही, ते यामुळे.

नुसता नवा बुश ठोकून हे सुधारत नाही. स्पिंडल मायक्रोमीटरने मोजायचा आणि झिजला असेल तर तोही बदलायचा. बुश ठोकण्याऐवजी सरळ दाबून बसवायचे आणि दोन्ही एका रेषेत रीमरने साफ करायचे. बाजूची ढील वॉशरने काढायची. नट आवळल्यावर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडण्याआधी, चिमटा स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यावा आणि बाजूला अजिबात हलू नये.

आता सुधारणेचा प्रश्न. काही जण म्हणतात, जुन्या गाडीत काहीच बदलू नये. मला हे पटत नाही. बुश हा झिजण्यासाठीच केलेला भाग आहे, झिजलेला बुश जपून इतिहास जपला जात नाही. दुसरे म्हणतात, सरळ नीडल बेअरिंग घाला. नव्या गाड्यांत ते असतं, पण कडक केलेली स्लीव्ह आणि धूळ-पाणी अडवणारे सील यांच्यासह. चिमटा पूर्ण फिरत नाही, थोडासाच झुलतो. त्यामुळे रोलर त्याच त्या जागी दाबत राहतात आणि साध्या स्पिंडलवर खाचा पाडतात. माझ्या मते जुन्या बुलेटला चांगल्या फॉस्फर ब्रॉन्झचे बुश, नवा स्पिंडल, सील आणि ग्रीस भरायला निप्पल एवढं पुरेसं आहे. फ्रेम कापायची नाही. जुने भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचे, म्हणजे पुढच्या बॅचला मूळ काय होतं ते कळेल.

यात खर्च आहे, हे मान्य. क्लबचे पैसे मोजकेच आहेत आणि समारंभाला आलेल्या पालकांना रंग दिसेल, बुश दिसणार नाही. तरीही माझी सूचना आहे की पहिला खर्च पिव्हटवर व्हावा. उरलेल्या पैशांत सोनेरी रेघा बसल्या नाहीत, तर साधा काळा रंग चालेल. त्या दिवशी मैदानावर गाडीवर आपल्यातलंच कोणीतरी बसलेलं असेल.

येत्या रविवारी शेडमध्ये तपासणी करू. सांध्यावर बोट ठेवायला मी आहे, चाक हलवायला एक जण हवा.