बोटांना येणारी लिपी

‘मारिओ टीचेस टायपिंग’ हा संगणकीय खेळ १९९२ मध्ये अमेरिकेत निघाला. पडद्यावरील अक्षराची कळ मुलाने दाबावी आणि मारिओने पुढे जावे, एवढीच त्याची रचना. सरावाचा कंटाळा खेळात विरतो आणि रोमन अक्षरांच्या जागा बोटांना नकळत पाठ होतात.

आपल्याकडे मात्र अनेक जण मराठी लिहितात तेही रोमन कळा दाबून. देवनागरी रूपांतर यंत्र करते. बोटे रोमनच लिहितात. याविषयी नुसती हळहळ व्यर्थ होय, कारण पर्याय हाताशी आहे. १९९१ च्या भारतीय मानकातील इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणी वर्णमालेच्या तत्त्वावर आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. ‘क’च्याच कळेवर, शिफ्टसह, ‘ख’. जुन्या टंकलेखनयंत्रावर ‘कि’ उमटविताना वेलांटी आधी येई. येथे उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी येतो. शिवाय बंगाली, तेलुगू, मलयाळम या लिपींतही ‘क’ची कळ तीच.

तेव्हा या कळफलकावर रचलेला खेळ मुलाला केवळ टंकलेखन शिकविणार नाही. वर्णव्यवस्थेची जाण तो देईल आणि शेजारच्या लिपीचे दारही किलकिले करील. भारतीय साहित्याची एकात्मता आपण प्रबंधांतून शोधीत असतो. तिचा एक साधा पुरावा या कळांखाली आहे. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी संगणकशास्त्रज्ञांच्या साहाय्याने असा बहुलिपी खेळ सिद्ध करावा. बालोद्योग म्हणून त्याची उपेक्षा करणे आपल्याला परवडणारे नाही.