सुखाची सक्ती

हुकूमशाहीच्या भीतीचा विषय निघाला की सुशिक्षित वाचकाला प्रथम आठवते ती जॉर्ज ऑर्वेलची १९४९ साली प्रसिद्ध झालेली ‘१९८४’. तिचा दबदबा इतका, की तिच्याही आधीच्या एका रशियन कृतीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. येवगेनी झम्यातिनची ‘आम्ही’ ही ती कादंबरी. खुद्द ऑर्वेलने १९४६ मध्ये तिच्यावर परीक्षण लिहिले होते.

या कादंबरीतील ‘एकराज्या’त माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची; पडदा ओढण्याची मुभा केवळ नेमून दिलेल्या तासाला, तीही गुलाबी चिठ्ठी दाखवून. उठणे, काम, फिरणे सारे वेळापत्रकाबरहुकूम. एक घास पन्नास वेळा चावायचा, हेदेखील ठरलेले! तथापि येथील नागरिक कण्हत नाहीत. कथानायक डी-५०३ हा गणिती तर या व्यवस्थेचे गोडवे गाण्यासाठीच रोजनिशी लिहू लागतो. स्वातंत्र्य म्हणजे दुःख, निवड म्हणजे मनस्ताप, हे त्याला मनोमन पटलेले आहे. भयंकर आहे ते हेच. जुलमाविरुद्ध माणूस केव्हा तरी उठतो. सोयीविरुद्ध कोणी उठावे?

केवळ साम्यवादाची निंदा म्हणून ही कादंबरी वाचणारे तिच्यावर अन्याय करतात. झम्यातिन हा पेशाने जहाजबांधणीचा इंजिनिअर, झारशाहीत तुरुंगवास भोगलेला क्रांतिवादी. १९१६-१७ मध्ये बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करण्यासाठी तो इंग्लंडात न्यूकॅसलला राहिला होता. घड्याळाच्या काट्यावर चालणारे जीवन त्याने भांडवलशाही देशातही पाहिले. ‘एकराज्या’चा आराध्य पुरुष मार्क्स नव्हे, तर कामगाराच्या हालचाली सेकंदांनी मोजणारा अमेरिकन टेलर आहे. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मात्र ती एवढ्या बारकाईने वाचली नसावी. १९२०-२१ मध्ये लिहिलेली ही कादंबरी तेथे छापली गेली ती १९८८ साली. लेखक १९३७ मध्येच पॅरिस येथे निवर्तला होता.

डी-५०३ प्रेमात पडतो, तेव्हा वैद्य निदान करतो की त्याच्या ठायी आत्मा उत्पन्न झाला आहे आणि हा रोग असाध्य आहे. पुढे राज्याला उपाय सापडतो : मेंदूतील कल्पनाशक्तीचे केंद्र क्ष-किरणांनी जाळून टाकणे. अखेर डी-५०३ वरही ती शस्त्रक्रिया होते. ज्या स्त्रीपायी त्याला हा ‘रोग’ जडला, तिचा छळ तो समोर बसून पाहतो. ती एक शब्दही बोलत नाही. तो शांतपणे रोजनिशीत त्याची नोंद करतो. हस्ताक्षर पूर्वीचेच असते.