सायकलसफरींत आमच्या मुलांनीं जावें काय?

पाऊस सरला आणि भातकापणी आटोपली, कीं रविवारीं पहांटे आमच्या भागांतील दोन रस्त्यांवर सायकलस्वारांचे तांडे दिसूं लागतात. एक शहापुरावरून जुन्या आग्रा रस्त्यानें कसाऱ्याच्या घाटाकडे जातो. दुसरा कल्याणहून निघून मुरबाड, टोकावडें करीत माळशेजाची वाट धरतो. हे लोक बहुधा मुंबई, ठाणें, कल्याण येथील असतात. आमचीं मुलें मात्र रस्त्याच्या कडेस उभीं राहून त्यांस हात हालवितात. ज्यांच्यापैकीं कित्येक रोज सायकलीनेंच शाळेंत येतात, त्यांनीं या सफरींत केवळ प्रेक्षक राहावें काय? पुष्कळ पालक 'होय' म्हणतात. त्यांचीं कारणें उपेक्षणीय नाहींत. तथापि त्यांचें उत्तर आम्हांस पटत नाहीं.

हा कांहीं आजकालचा छंद नव्हे. इंग्लंडांत सायकलप्रवाशांचा संघ १८७८ सालींच स्थापन झाला. आपल्या मुंबईंतून १९२३ सालच्या आक्टोबरांत कांहीं पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, व त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. कसाऱ्याचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या नाशिकचे डॉक्टर हितेंद्र व डॉक्टर महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीनें नऊ दिवसांच्या आंत पुरी केली.

असे पराक्रम ऐकून सफर म्हणजे शर्यतच, असा मुलांचा ग्रह होतो. तो दूर केला पाहिजे. फ्रान्सांत रूढ झालेली 'ब्रेव्हे' नांवाची दीर्घ सफरीची रीत आतां महाराष्ट्रांतहि रुजली आहे. तींत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करावयाचे असतात. वाटेंतील ठरलेल्या ठाण्यांवर आपली नोंद करावी लागते. रात्रीं दिवे व चमकणारें जाकीट अवश्य असतें. चाक पंक्चर झालें तर तें स्वतःच काढावें लागतें. परंतु पहिला, दुसरा असा क्रमांक तेथें नसतो. आठ तासांत येणारा व तेरा तासांत येणारा यांस मान सारखाच. एवढीं अंतरें मुलांच्या वयास योग्य नाहींत; त्यांमागील नीति मात्र त्यांनीं अवश्य उचलावी.

पालकांचा पहिला आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो खरा आहे. नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर मालमोटारींची रीघ रात्रंदिवस लागलेली असते. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा अखेरचा टप्पा २०२५ च्या जूनांत खुला झाला. तो शहापूर तालुक्यांतून जातो, पण त्यावर सायकलीस मज्जाव आहे. म्हणून मुलांची सफर हमरस्त्यावर नेऊंच नये. शहापुराहून किन्हवलीवरून सरळगांवास येणारा आंतला रस्ता त्यांस पुरेसा आहे. डोक्यावर हेल्मेट, एकामागें एक अशी रांग, पुढें एक जाणता व मागें एक जाणता, आणि ऊन चढण्यापूर्वीं विसावा, एवढे नियम कसोशीनें पाळले तर धोका पुष्कळ कमी होतो. श्रावणांत माळशेजांत धुकें दाटतें व दरडी कोसळतात. त्या दिवसांत घाटाचें नांवहि काढूं नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा. शहरांतील स्वारांच्या गिअरच्या महागड्या सायकली पाहून आपल्या साध्या काळ्या सायकलीची मुलांस लाज वाटते. ही लाज व्यर्थ आहे. हवा भरलेलीं चाकें, घट्ट ब्रेक व तेल दिलेली साखळी असली कीं साधी सायकलहि दिवसभर साथ देते. जेथें स्वारापेक्षां त्याच्या सायकलीची किंमत विचारली जाते, त्या सफरीस आमच्या मुलांनीं न गेलेलेंच बरें. जेथें दोघे-तिघे शेजारीं शेजारीं गप्पा मारीत रस्ता अडवितात व रिकाम्या बाटल्या रानांत भिरकावितात, तिचीहि तीच गोष्ट.

मुलींविषयीं तर पालक आक्षेपहि घेत नाहींत. त्यांचें नांवच कोणी सुचवीत नाहीं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांत गरजू विद्यार्थिनींस सायकली देण्याची योजना आहे, ती त्यांचें शिक्षण मध्येंच तुटूं नये म्हणून. शाळेपर्यंत मुलीची सायकल चालते, मग सफरींतच ती कां खटकावी? शिक्षिका व कांहीं माता बरोबर निघाल्या तर ही अडचण राहणार नाहीं.

या सफरींतून लाभ काय? अंगीं बळ येतें, हें तर उघड आहे. त्याहून मोठा लाभ असा कीं, आपला तालुका डोळ्यांनीं दिसतो. मोटारींतून तो भरकन् मागें पडतो. सायकलीवर तो चढाचढानें कळतो. तानसा धरण १८९२ सालीं झालें. तानसा व भातसा यांचें पाणी मुंबई पिते, आणि त्याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. हें भूगोलाच्या तासास ऐकणें निराळें, आणि पाड्यावरच्या विहिरीपाशीं उतरून पाहणें निराळें. मुरबाड तालुक्यांत सिद्धगड आहे. तेथें भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस २ जानेवारी १९४३ रोजीं वीरमरण आलें. पौषी पौर्णिमेस म्हसा येथें यात्रा व गुरांचा मोठा बाजार भरतो. एवढें जवळ असून तें न पाहतां आमचीं मुलें शाळा सोडून जातात, ही हानि लहान नाहीं.

म्हणून आमचें मत असें आहे, कीं शाळेनें व पालकांनीं मिळून थंडीच्या दिवसांत वर्षास निदान एक सफर काढावी. बाहेरच्या एखाद्या सफरीस पाल्यास धाडावयाचें झाल्यास पालकांनीं चालकांस, किती किलोमीटर व किती वेग, हें विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: जो सर्वांच्या मागें पडेल, त्याच्यासाठीं कोण थांबतो? याचें उत्तर तत्काळ व स्पष्ट मिळालें, तर मुलास खुशाल पाठवावें. उत्तर देतांना ते घुटमळले, तर ती कितीहि नामांकित सफर असली तरी मुलास घरीं ठेवावें.