खारदांड्याची रेघ कोण ओढणार?

विधिमंडळाने कायदा करावयाचा, शासनाने तो राबवावयाचा आणि न्यायालयाने त्याचा अर्थ लावावयाचा, हा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मुलांकडून पाठ करून घेतला जातो. खारदांड्याच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीला मात्र हे तीन खांब वेगवेगळे कधी दिसलेच नाहीत. तिच्या दारी येतो तो कागद, आणि त्यावर सही असते ती कोणा तरी अधिकाऱ्याची.

एका होडीमागे किती कचेऱ्या आहेत, ते पाहावे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय आणि जमीन हे राज्याचे विषय. पण 12 सागरी मैलांची हद्द ओलांडली की मासेमारी केंद्राची. मासेमारीसाठी राज्याचा 1981 चा कायदा. होडी ओढून ठेवण्याच्या वाळूला केंद्राचा 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालील किनारा नियमन अधिसूचना. घराखालची जमीन 1966 च्या महसूल संहितेची, तर घराची दुरुस्ती महापालिकेच्या नियमांची! पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणाऱ्या भूमिपुत्राने आपले घर आपले आहे हे नेमके कोणाला पटवावयाचे?

महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे जी जमीन कोणा व्यक्तीची नाही, ती शासनाची. ज्याच्या पूर्वजांनी सातबारा आणि मालमत्ता पत्रक यांच्या जन्माआधी जाळी वाळवली, त्याने हक्काचा कागद आणावयाचा कोठून? याच संहितेचे कलम 122 गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास देते. म्हणजे उपाय कायद्यात होता, नव्हती ती इच्छा.

6 जानेवारी 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना किनारा नियमनाच्या तिसऱ्या वर्गात घालावे, असे स्पष्ट लिहिले होते. 2018 साली शहराचा 2034 पर्यंतचा विकास आराखडा मंजूर झाला, तेव्हाही कोळीवाड्यांचे सीमांकन पूर्ण झालेले नव्हते. 2019 च्या जानेवारीत तर नवी अधिसूचना आली. रेघ ओढण्याआधीच फळा बदलला. आणि जेथे सीमा नाही, तेथे 1971 च्या झोपडपट्टी कायद्याचा आधार घेऊन प्राचीन वस्तीला ‘झोपडपट्टी’ म्हणणे किती सोपे! हा शब्द कागदावर एकदा उमटला की मासे सुकविण्याचे अंगण ही ‘मोकळी जागा’ ठरते, आणि मोकळ्या जागेचे मोल मुंबईतील विकासकाला सांगावे लागत नाही.

न्यायालयाकडे जावे, असे सुज्ञ सांगतील. अनुच्छेद 226 चा दरवाजा उघडा आहे, हे खरे. परंतु वरळीच्या कोळ्यांचा अनुभव ताजा आहे. सागरी किनारा रस्त्याला मिळालेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने 16 जुलै 2019 रोजी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबरला त्या निर्णयास स्थगिती दिली आणि भराव सुरू झाला. तेथील खांबांमधील अंतर 60 ऐवजी 120 मीटर करण्याची मागणी पुढे मान्य झाली ती कोळ्यांच्या आंदोलनानंतर, शासनाच्या दालनात. न्यायमूर्तींना दोष देण्याचे कारण नाही. प्रक्रिया पाळली की नाही, हे न्यायालय पाहते. कोळीवाड्याची रेघ ओढणे हे त्याचे काम नव्हे.

आता खारदांड्यासमोरच्या समुद्रातून वर्सोवा–वांद्रे सेतू जातो. राज्य मंत्रिमंडळाने 28 जून 2023 रोजी त्याला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव देण्याचा निर्णय घेतला. उचित झाले. परंतु सेतूला नाव देण्यास मंत्रिमंडळाची एक बैठक पुरते आणि त्याच समुद्रावर जगणाऱ्या हिंदू कोळ्याच्या घराला सीमा देण्यास वर्षांमागून वर्षे पुरत नाहीत, ही विसंगती सावरकरांचे नाव घेणाऱ्यांनाच अधिक बोचावयास हवी.

शासन निर्णय आज निघतो, उद्या दुसऱ्या सहीने बदलतो. विधानसभेचे 288 आणि विधान परिषदेचे 78 सदस्य मिळून, प्रत्येक कोळीवाड्याचे भूमापन क्रमांक परिशिष्टात छापलेला एक कायदा करू शकतात. मग ती हद्द बदलावयाची तर पुन्हा सभागृहात, सर्वांसमक्ष यावे लागेल. नारळी पौर्णिमेला कोळी टोपी घालून सोन्याचा नारळ हाती धरणाऱ्या लोकप्रतिनिधींपैकी असे विधेयक मांडावयास कोण उभा राहतो, याची खारदांडा वाट पाहत आहे.