स्फटिकाची मालकी कोणाची?

पेनिसिलिनच्या रेणूची नेमकी ठेवण काय, या प्रश्नाचा उलगडा ऑक्सफर्ड विद्यापीठात डोरोथी हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली केला. स्फटिकातून क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांची तीव्रता मोजून, किचकट आकडेमोड करून, कोणता अणू कोठे बसला आहे हे काढावयाचे, अशी ही रीत होय. रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या मातब्बर रसायनशास्त्रज्ञाचा कौल निराळ्या रचनेकडे होता. परंतु तीन कार्बन व एक नायट्रोजन यांचे चौकोनी कडेच खरे ठरले. ही विद्या मानवजातीचे धन आहे, याविषयी दुमत नसावे.

हीच रीत आणखी एक गोष्ट दाखविते. एकच रेणू घनरूपात निरनिराळ्या प्रकारे रचला जाऊ शकतो. मग पावडर ओल कमी धरते, अधिक टिकते, यंत्रातून नीट वाहते. गोळ्या बनविणाऱ्याला याचे मोल आहे, हे मान्यच. पण रोग्याच्या पोटात औषध विरघळले की ती रचना उरतच नाही. उरतो तो जुनाच रेणू.

नेमक्या अशा रचनेवर नोव्हार्टिस कंपनीने हक्क सांगितला. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाच्या मेसिलेट क्षाराचे 'बीटा' स्फटिकरूप आपला शोध असल्याचा दावा करून तिने १९९८ साली चेन्नईत पेटंटसाठी अर्ज केला. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये; देशी कंपन्यांचे तेच औषध साधारण दहाव्या हिश्श्यात मिळे. अर्थशास्त्रात या फरकाला मक्तेदारीचा नफा म्हणतात. आमचे काही व्यवसायबंधू त्यास संशोधनाचा मोबदला म्हणतात, ही गोष्ट वेगळी!

मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने या अर्जास हरकत घेतली. डाव्या पक्षांच्या आग्रहाने २००५ च्या पेटंट दुरुस्तीत आलेले कलम ३(घ) तिच्या हाती होते: ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाने गुणकारिता वाढत नसेल तर पेटंट नाही. २००६ साली अर्ज फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला की औषधाच्या बाबतीत गुणकारिता म्हणजे रोगनिवारणाची शक्ती. पावडर चांगली वाहते, हा तिचा पुरावा नव्हे.

हे कलम आजही शाबूत आहे; ते वापरण्याची वाट मात्र अरुंद केली जात आहे. १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी व्यापारकरार झाला आणि पाचच दिवसांनी पेटंटचे नियम बदलले. पेटंट मिळण्यापूर्वी हरकत घेणाऱ्यास आता शुल्क भरावे लागते, आणि हरकत दाखल करून घ्यावी की नाही, हे नियंत्रक आधी ठरवितो. रुग्णसंघटनांशी संबंध असलेल्या कार्यकर्त्यांनी हे बदललेले नियम मुळातून वाचावेत व या दोन अटी मागे घेण्याची मागणी आपापल्या खासदारांकडे लेखी करावी.